रंगाचे सात हात

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर सकाळी म्हशीच्या धारा काढणं चाललं होतं. दहा-बारा माणसं पेले हातात घेऊन ताज्या दुधाची वाट बघत उभी होती, आणि माझ्या गाडीनं नेमकी तीच जागा निवडली. आधी तिनं दोन आचके दिले. मग मागच्या नळकांड्यातून असा काही 'धडाम्' आवाज निघाला, की पानपट्टीवाल्यानं चुन्यानं भरलेला हात डोक्यावर घेतला. म्हशीनं मागचा पाय झाडला, बादली उलटली, दूध गटारीकडं पळालं आणि त्याच्या मागोमाग इंजिन बंद पडलं.

"ओ पावणं, गाडी हाय का तोफ?" गवळी उठून उभा राहिला. "म्हैस आता चार दिस पान्हा सोडायची न्हाई. तुम्ही येऊन बसणार काय हिच्याखाली?"

"चुकलं हो. आताच दुरुस्त केलीय गाडी," मी म्हणालो.

"दुरुस्त केल्यावर ही तऱ्हा? मग बिघडली असती तर पेठच उडवली असती की!"

कट्टा पोट धरून हसला. दुर्दैव असं, की हसणाऱ्यांत माझा एक विद्यार्थी होता. मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये इंजिन शिकवायचो. पेट्रोल इंजिन कसं चालतं हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी इतकं सुरेख काढायचो, की मुलं वहीऐवजी फळ्याकडंच बघत बसायची. त्या मुलानं दुधाचा पेला खाली ठेवला आणि अगदी आदबीनं विचारलं, "सर, धक्का मारू का?"

ही त्र्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. गाडी माझी नव्हती, म्हणजे अजून झाली नव्हती. ती माझ्या काकांची. डॉक्टर माधवराव सरनाईक. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांनी बावीस-तेवीस वर्षं याच गाडीतून फिरून रोगी तपासले. गाडी सत्तावन्न सालची, विलायती, काळी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. पण पुढं जे घडलं त्यात तिचा काडीइतका दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. काका गेले त्या दिवशी गाडी राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती, ती अकरा वर्षं तिथंच उभी राहिली. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मी दोन गल्ल्या पलीकडं राहायचो. येता-जाता ती गाडी बघायचो आणि माझा जीव तुटायचा.

शेवटी एकदा धीर करून वेणूकाकूला विचारलं. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, आणि जे बोलायची ते दोनदा बोलायची नाही.

"ने की," ती म्हणाली. "पण माझं एक ऐक. माणूस गेला तर तेरा दिवसांत सगळं उरकतोय आपण. हे धूड अकरा वर्षं दारात मरून पडलंय, आणि मी रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघतो. तुला दोन वर्षं देतो. दोन वर्षांनी पाडव्याला मला ह्यात बसवून पन्हाळ्याला ने. दोर न लावता, ढकलत न नेता. नेलीस तर गाडी तुझी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सर्जेराव नेणार. मी त्याला शब्द दिलाय."

सर्जेराव म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याशी नवं गार्डन हॉटेल काढलेला गृहस्थ. मनानं वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात कल्पना फार. गाडीचं इंजिन काढून टाकायचं, टप कापायचा, बॉनेटमध्ये बर्फ भरायचा आणि वर काकडी-टोमॅटो मांडून लग्नाच्या पार्ट्यांना सॅलडचं काउंटर करायचं, असा त्याचा बेत होता. महिन्यातून एकदा तो यायचा, बॉनेटवर वितीनं माप घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, जास्त मेहनत घेऊ नका. आतलं सगळं मी काढूनच टाकणार हाय."

त्या दोन वर्षांत मी सुट्टी म्हणून पाहिली नाही. इंजिन सुटं केलं, धुतलं, पुन्हा जुळवलं. सीटा शिवून घेतल्या. आणि रंग! रंगाचे सात हात दिले. प्रत्येक हातानंतर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश कागदानं घासायचं, वाळवायचं, मग पुढचा हात. सातवा हात झाला तेव्हा बॉनेटमध्ये बघून दाढी करता आली असती. माझी बायको म्हणायची, एवढं लक्ष तुम्ही माझ्याकडं लग्नातसुद्धा दिलं नव्हतं. ते खरंच होतं.

पाडव्याला दहा दिवस उरले असताना इंजिन चालू झालं. मी टाकी तोंडापर्यंत भरून घेतली आणि आवारात चार चकरा मारल्या. काय गोड आवाज! काकू पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि निरांजन, फुलं, हळदकुंकू असं ताट घेऊन बाहेर आली. सरळ बॉनेटकडं निघाली.

मी आडवा आलो. "काकू, थांब! सात हात दिलेत. कुंकू त्यावर घासलं की चरे पडतात."

"एवढंसं लावतो की."

"एवढंसंही नाही. बॉनेटला हात लावायचा नाही."

"मग दाराला लावतो."

"दाराचा रंग काय वेगळा आहे?"

"डिकीला?"

"काकू, दिसेल असं कुठंच काही नको. ओवाळ तू लांबून. ओवाळायला माझी ना नाही."

तिनं एकदा ताटाकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली.

काकूचा 'बरं' हा शब्द काका हयात असताना घरात सगळ्यांना ठाऊक होता. तिनं 'बरं' म्हटलं की काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून सावध बसायचे. मी बसलो नाही. मी फडकं घेऊन बॉनेट पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली आणि दुखणं सुरू झालं. चार किलोमीटर अगदी झकास. मग आचके, मग धडाम्, मग बंद. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभं राहावं, की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. परत चार किलोमीटर, परत धडाम्. मी घरी येऊन कारणांची यादी केली. अकरा कारणं निघाली. ती मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून कडुनिंबाच्या बुंध्याला टाचली.

तिसऱ्या दिवशी गंगावेशीत म्हशीचा प्रकार झाला, तेव्हा मात्र मी दस्तगीर मिस्त्रींच्या घरी गेलो. दस्तगीर शिकलगार. काकांची गाडी पहिल्यापासून तेच बघायचे. आता गॅरेज बंद करून घरी बसले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण कान शाबूत. काकांचं नाव काढल्याबरोबर त्यांनी टोपी घातली.

आवारात आल्या आल्या त्यांनी माझा कागद डोळ्यांजवळ धरून अथपासून इतिपर्यंत वाचला.

"मास्तर, अक्षर झकास हाय," ते म्हणाले. "आता हे एकदा गाडीलाबी वाचून दाखवा. तिला कळंल कशानं आजारी पडायचं ते."

मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनवर ठिकठिकाणी टेकवत ऐकत बसले. काका छाती तपासायचे तसंच. पुढं पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप होता. तो टिकटिक टिकटिक करत पेट्रोल ओढायचा. तोही त्यांनी ऐकला. "पंप ब्येस हाय," म्हणाले. "डॉक्टर मला काय सांगायचे ठावं हाय? दस्तगीर, रोगी तपासून झाला आणि रोग नाही सापडला, तर घरच्यांना विचार. रोगी लपवतो, घरचे सांगतात. तर आता तुम्ही सांगा. गाडीला तुमच्याबिगर कोण हात लावतंय?"

"कोणी नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. "मी लावूच देत नाही."

पायरीवर काकू गहू निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

मग पाच दिवस आम्ही दोघांनी गाडीचा जो काही छळ मांडला, तो आठवला की अजून त्या इंजिनाची माफी मागावीशी वाटते. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. प्लग बदलले, त्यांच्या वायरी बदलल्या, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. पेट्रोलच्या नळीत फुंकर मारली. गंमत अशी, की प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी बरी व्हायची. अर्धा दिवस काम चाललेलं, गाडी उभी. मग चालू करावी तर एकदम सुरळीत. आम्ही एकमेकांची पाठ थोपटायचो. मी मनात त्या दिवशीचं कारण कागदावरून खोडायचो. आणि चार किलोमीटरवर धडाम्.

"मास्तर, हिला चार किलोमीटर कसं मोजता येतंय?" दस्तगीर मिस्त्री एकदा रस्त्याच्या कडेला बसून म्हणाले. "मीटर तर बंद हाय."

गंगावेशीचा गवळी आता आम्हाला ओळखायला लागला होता. काळी गाडी लांबून दिसली, की तो धार थांबवून खांद्यावरचं पटकूर म्हशीच्या कानांवर टाकायचा.

रोज सकाळी मी गाडी न्यायला जायचो तेव्हा काकू माझ्या आधी उठून देवपूजा आटोपून बसलेली असायची. "काल तरी नीट चालली काय रे?" असं रोज विचारायची, आणि मी 'नाही' म्हटलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. "आणि जरा करायला पाहिजे," असं काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, आमच्या मेहनतीबद्दल बोलतेय.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कागदावरची अकराही कारणं खोडून झाली होती. दस्तगीर मिस्त्री पायरीवर बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "काकू, आणखी पंधरा दिवस देशील?"

"माझ्या हातात असतं तर दिले असते रे. सर्जेरावाला पाडवा सांगितलाय." तिनं कडुनिंबाखालच्या गाडीकडं पाहिलं. "चालंल उद्या. मी सांगतो, चालंल."

मला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं, की गाडी चालावी असं माझ्यापेक्षा तिला जास्त वाटतंय. अट घातली होती ती मला अडवायला नव्हे. कुणीतरी हे धूड जिवंत करील का, याची ती अकरा वर्षं वाट बघत होती, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं शेवटचा डाव लावला होता. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून आम्ही निघालो. काकू पुढं माझ्या डाव्या हाताला बसली, काकांच्या शेजारी बसायची तशी. हातात कापडी पिशवी. दस्तगीर मिस्त्री पाठीमागं, स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर. आणि आमच्यामागं सर्जेरावची जीप. तिच्या बॉनेटवर मनगटाएवढ्या जाड दोराचं भेंडोळं होतं, वर त्यानं सणाचं म्हणून झेंडूचं फूल खोवलं होतं.

गंगावेशीत पोचलो. गवळ्यानं पटकूर टाकलं, कट्ट्यावरच्या माणसांनी पेले छातीशी धरले. गाडी झुळकन् निघून गेली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. काकू हसली. शिवाजी पुलावर चढलो, पंचगंगा मागं पडली. मी मनात म्हटलं, गेली बला.

पूल संपला आणि आचका बसला. दुसरा. मग धडाम्! एवढा मोठा, की सर्जेरावनं जीप सरळ शेतात घातली.

गाडी कडेला घेतली. वीस मिनिटं थांबलो. किल्ली फिरवली. काही नाही. अर्धा तास झाला. इतके दिवस निदान थोड्या वेळानं चालू तरी व्हायची. आज तेही नाही. दस्तगीर मिस्त्रींनी बॉनेट उघडून पंपाला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पंप गप्प हाय, मास्तर."

सर्जेराव दोर खांद्यावर टाकून आला. बिचाऱ्याला आनंदही लपवता येईना आणि दाखवताही येईना. "वहिनी, मी थांबतो हवं तर आणखी थोडा वेळ," म्हणाला.

काकू खाली उतरली. दारावरून हात फिरवायला गेली आणि माझं बोलणं आठवून तो मागं घेतला. "नको," ती म्हणाली. "शब्द तो शब्द. बांधा दोर."

मी दुसरीकडं तोंड फिरवलं. दोन वर्षं गेली याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. तो दोर मला बघवला नसता.

"थांबा जरा," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. ते हळूहळू काकूच्या समोर येऊन उभे राहिले. "माझं चुकलं. डॉक्टर म्हणायचे घरच्यांना विचार, आणि मी मास्तरांना विचारलं. मास्तर कसले घरचे, ते तर माझ्यासंगं रोग हुडकणारे. वैनी, खरं सांगा. गाडीला तुम्ही काय केलंय?"

"मी? मी काय करू बाई? मला त्यातलं काय कळतंय?"

"हात लावलाय?"

काकूनं पिशवी छातीशी धरली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पूजा केली फक्त."

"काकू! कुठं?" मी ओरडलो. माझी नजर बॉनेटवर, दारांवर, डिकीवर धावली. कुठं डाग नव्हता.

"तू म्हटलास दिसंल तिथं नको. म्हणून दिसणार न्हाई तिथं केली."

ती गाडीच्या मागच्या अंगाला गेली. तिथं मडगार्डला पेट्रोल भरायची छोटी झडप होती. ती तिनं उघडली. आत टाकीचं झाकण, आणि झाकणावर मधोमध, जुन्या रुपयाएवढं, लालभडक, ठसठशीत कुंकू.

"गाडीचं तोंड ते," काकू म्हणाली. "खाती-पिती तिथनंच. म्हटलं, तिथंच लावावं."

दस्तगीर मिस्त्रींनी कुंकवावर अंगठा दाबला. अंगठा रुतला. "ह्याच्याखाली काय हाय?"

"मेण."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. त्या झाकणाच्या मधोमध सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं. माझ्या अकरा कारणांत ते नव्हतं, कारण टाकी काठोकाठ भरलेली, काटा 'भरली' दाखवतोय, तर तिकडं कोण बघणार? त्यांनी झाकण फिरवलं.

"फुऽऽस्स!"

अकरा वर्षं कोंडलेला श्वास सोडावा तसा गाडीनं श्वास घेतला. आणि पुढं, उघड्या बॉनेटखाली, पंप आपण होऊन बोलू लागला. टिक. टिक. टिकटिक टिकटिक टिकटिक.

सर्जेरावच्या खांद्यावरून दोर घसरला. "हे काय झालं?" त्यानं विचारलं.

माझ्यातला मास्तर जागा झाला. टाकीतून पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, ती त्या भोकातून येते. भोक बुजलं की टाकी आतून आवळून धरते, पंप ओढून ओढून दमतो, इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, ते आचके देतं आणि फुटतं. मेणाच्या कडेनं हळूहळू हवा झिरपली, की पुन्हा चालू. आज मेण इतकं जाड, की झिरपायलाही जागा नव्हती. हे सगळं मी त्याला समजावलं. फळा नव्हता, तरी बरं समजावलं.

काकूचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे गाडी मीच बंद पाडत होतो?"

"रोज लावत होतीस?"

"रोज. सकाळी तू यायच्या आधी. आणि बंद पडालीया म्हणून रोज थोडं जास्त लावत होतो."

आधी दस्तगीर मिस्त्री हसले. मग मी. मग सर्जेराव जीपला टेकून डोळे पुसायला लागला. आम्ही तिघं त्या रस्त्यावर वेड्यासारखे हसत होतो. फक्त काकू हसत नव्हती. ते मला जरा उशिरा दिसलं.

"पण काकू, मेण कशाला?" मी विचारलं.

"चकचकीत पत्र्यावर कोरडं कुंकू टिकतंय होय? आधी मेण, मग कुंकू. मी चाळीस वर्षं तसंच लावत होतो." तिचा हात नकळत कपाळाकडं गेला. तिथं तेरा वर्षं काहीच नव्हतं. "हे गेल्यावर करंडा फडताळात सारला तो सारलाच. मेणाचा दगड झालेला. त्या दिवशी गाडी चालू झाली, तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, हे आले. दुपारी जेवायला आले. मग करंडा काढला, मेण खोबरेल तेलात मळून मऊ केलं. म्हटलं, माझ्या कपाळाला न्हाई तर न्हाई, ह्यांच्या गाडीला तरी."

हसणं तिथंच थांबलं. मला माझ्या सात हातांची लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

काकूनं पदराचं टोक घेतलं आणि झाकण पुसायला लागली. दस्तगीर मिस्त्रींनी तिच्या हातातून झाकण काढून घेतलं. "वैनी, पुसू नका. तुमच्या अंबाड्यातला आकडा द्या." आकड्याच्या टोकानं त्यांनी मधलं मेण कोरून काढलं, झाकण सूर्याकडं धरलं आणि भोकातून उजेड बघितला. "झालं. भोक सोडून लावत चला."

"भोक सोडून नाही," मी म्हणालो. "झाकणच सोडून. काकू, करंडा आणलायस?"

तो पिशवीत होता.

"बॉनेटवर लाव. मधोमध."

"आणि तुझा रंग?"

"रंग गेला खड्ड्यात."

मी बॉनेट खाली घेतलं आणि ती पुढं आली. बोटानं मेण घेतलं, त्या आरशासारख्या काळ्या पत्र्यावर हलकेच गोल चोळलं आणि त्यावर कुंकू टेकवलं. सर्जेरावनं दोराचं भेंडोळं जीपमध्ये टाकलं, झेंडूचं फूल आणून कुंकवाच्या खाली ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, सॅलडसाठी मी बैलगाडी बघतो."

त्या डागाला आज तीस वर्षं झाली. काकूनं नंतर दर पाडव्याला तिथं कुंकू लावलं, आणि ती गेल्यावर मी लावतो, मेण लावून. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक तिथं बोट ठेवून गुण कापतात. मी कापू देतो.

त्या दिवशी गाडीनं वाघबीळचा चढ असा घेतला, की दस्तगीर मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून डोळे मिटले. पन्हाळ्यावर पोचलो. तटाजवळ गाडी लावली. काकू म्हणाली, "तुम्ही जावा, पिठलं-भाकरी घेऊन या. मी बसतो जरा." आम्ही दोघं गेलो. गर्दी होती, भाकऱ्या गरम गरम होईपर्यंत अर्धा तास मोडला. परत आलो तर काकू खाली दरीकडं बघत शांत बसली होती.

परतीला निघताना गाडी मागं घ्यायची म्हणून मी वरच्या आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसेना. आरसा डावीकडं वळवलेला होता.

मी काकूकडं पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं. मुगाएवढं, नीट, मधोमध.

मी विचारलं, "काकू, आरसा सरळ करू?"

"कर की," ती म्हणाली. "माझं झालं आता."